गणपतीत तडकलेली काच

आमच्या हॉलमध्ये, खिडकीच्या डाव्या अंगाला, बीम जिथे भिंतीत शिरतो तिथे एक काचेची पट्टी चिकटवलेली होती. दोन बोटं रुंद, वीतभर लांब. दोन टोकांना पांढऱ्या प्लास्टरचे दोन गोळे आणि मधून, काचेच्या मागून, गेलेली भेग. आलेला प्रत्येक पाहुणा विचारायचा, हे काय? आई सांगायची, "बिल्डिंगचा थर्मामीटर." हा विनोद सोसायटीने नेमलेल्या इंजिनियरचा. त्याने आम्हाला समजावलं होतं ते असं: भेग जुनी, मेलेली असेल तर काच आहे तशी राहील. भेग जिवंत असेल, भिंत हलत असेल, तर काचेला ताण सोसत नाही, ती तडकेल. अशा दोन काचा त्याने इमारतीत लावल्या होत्या. एक पहिल्या मजल्यावर आमच्याकडे, दुसरी तिसऱ्या मजल्यावर, आम्ही सगळे जिला मावशी म्हणतो तिच्याकडे.

काचा लावायची वेळ आली, कारण एकाच इमारतीबद्दल दोन लेखी मतं होती. पालिकेची नोटीस म्हणत होती, अतिधोकादायक, रिकामी करा. आमचा इंजिनियर म्हणत होता, दुरुस्त होण्याजोगी, आणि तीही लोक आत राहत असताना. दोघांच्या पाहणीच्या वेळी मी घरात होते. पालिकेचा इंजिनियर तरुण होता, बोलायला शांत. त्याने छोट्या हातोडीने आमचा बीम वाजवला, कान देऊन ऐकला आणि पुन्हा वाजवला. पुढे आमच्या इंजिनियरने तोच बीम, जवळपास त्याच जागी वाजवला. आवाज तोच आला. बद्द, रिकाम्या डब्यासारखा. पालिकेच्या माणसाला त्यात गंजलेली सळई ऐकू आली. आमच्या माणसाला सुटलेलं प्लास्टर ऐकू आलं. आणि मला त्यात बिल्डर ऐकू आला.

मला तोच ऐकू येणार होता. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बाबा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होते आणि युनियनचं काम करायचे. आमच्या माळ्यावर पापड-कुरडयांच्या डब्यांशेजारी पत्रकांचे गठ्ठे असायचे. बालभारतीच्या आधी मी ती वाचली. शाळेत "माझा आवडता प्राणी" या निबंधाचा शेवट मी "गाईच्या श्रमाचा मोबदला गाईला मिळालाच पाहिजे!" असा केला होता. बाई हसल्या, बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "बरोबर आहे की." पत्रकाचं एक वळण असतं, ते हाडात बसतं. पत्रकात "कदाचित" हा शब्द नसतो. कोण, कोणाविरुद्ध, आणि आपण कुठे उभे, एवढं तीन ओळींत सांगता आलं पाहिजे. आणि कुठलाही पुरावा समोर आला की बाबांनी शिकवलेला पहिला प्रश्न: याचा फायदा कुणाला?

भेगेचा फायदा कुणाला, हे आमच्या इमारतीत लहान पोरालाही ठाऊक होतं. जमीन अजून मूळ बिल्डरच्याच नावावर होती. सोसायटीच्या नावावर ती करून द्यायची त्याने कायम टाळली. इमारत उभी आहे तोवर आपण घरमालक. पाडली की आपल्या हातात फक्त कागद. पलीकडच्या गल्लीतली इमारत अशीच रिकामी केली होती. तिथले लोक अजून भाड्याच्या खोल्या बदलत फिरतायत आणि प्लॉटवर एरंड उगवलाय. त्यामुळे बाबा, जे सोसायटीचे अध्यक्ष होते, सगळ्यांना एकच सांगायचे: "खाली करणं म्हणजे सोडणं." आम्ही कोर्टात गेलो. कोर्टाने पुढच्या तारखेपर्यंत जैसे थे ठेवायला सांगितलं. बाबांनी प्रतिज्ञापत्र केलं. त्यात इतर गोष्टींबरोबर हेही होतं की इमारतीत लावलेल्या दोन्ही काचा आजतागायत अभंग आहेत. आणि मी पत्रक लिहिलं. मथळा होता: "काच अभंग, रहिवासी अभंग!" मला तो फार आवडला होता. जिन्यात, वाण्याच्या दुकानात, रिक्षा स्टँडवर, सगळीकडे तो लागला.

तारीख जवळ आली तेव्हा वकिलांनी काचांचे ताजे फोटो मागितले. दुपारची वेळ होती. आई खिडकीपाशी, त्या बीमच्या बरोबर खाली, पाटावर बसून मेथी निवडत होती. मी मोबाइल धरला.

"थांब, पुसते जरा," ती उठत म्हणाली. पदराने काच पुसली. "आता काढ. ही स्वच्छ दिसते. पहिलीला हिरवट झाक होती."

"पहिली म्हणजे?"

"पहिली म्हणजे पहिली. इंजिनियरने लावलेली."

मी मोबाइल खाली घेतला. "आई, ही कुठली?"

"ही फोटोफ्रेमवाल्याकडची. असं काय बघतेस? गणपतीच्या आधी ती तडकली ना. झाडताना माझाच झाडू लागला असणार. मखर तिथेच, खिडकीत. फुटकी काच वर आणि खाली गणपती, असं बसवू का मी? त्यात रत्नागिरीहून तुझी आत्या येणार. तिच्या तोंडाला कोण लागेल? तिने आख्ख्या गावात सांगितलं असतं, वहिनी फुटक्या काचेखाली आरती करते."

"मग तू काय केलंस?"

"काढली. फ्रेमवाल्याकडून तेवढीच पट्टी कापून आणली. पांढरं सिमेंट घरात होतंच. अगदी तशीच लावली, बघ, कुणाला कळलं तरी का?" तिच्या आवाजात थोडा अभिमान होता.

मी म्हटलं, "गणपतीपासून ही आहे मग. आणि ही नाही तडकली."

"ही नाही गं. ती दिवाळीत गेली. ही तिसरी."

मी एक पाऊल मागे घेतलं. ठरवून नाही. पायांनी घेतलं. बीमच्या खालून मी बाहेर आले होते आणि आई परत पाटावर बसून मेथीच्या काड्या मोडत होती. तो क्षण मला अजून पुसता येत नाही: मी बाजूला झालेली आणि ती खाली बसलेली.

"आई, इकडे ये."

"का?"

"ये ना. किचनमध्ये बस."

"किचनमध्ये उजेड नाही." मग माझं तोंड बघून ती उठली. "अगं, काच फुटली म्हणजे काय झालं? काच फुटली की पीडा जाते, माझी आई म्हणायची. आपल्यावरचं काचेवर गेलं."

इंजिनियरने सांगितलेलं सगळं ती त्याच्यासमोर मान डोलावत ऐकून बसली होती. पण तिच्यासाठी घरातली काच ही घरातली काच होती. फुटकी ठेवायची नसते, सणाला तर नाहीच. आमच्याकडच्या कुठल्याही बाईने हेच केलं असतं. इंजिनियरने भेगेचा विचार केला होता, गणपतीचा केला नव्हता.

मी धावत तिसऱ्या मजल्यावर गेले. मावशी मूळची उत्तनची, ख्रिस्ती, मासेमारीच्या घरातली. नवरा गेल्यापासून एकटीच राहते. मुलगी आखातात नोकरीला. दार उघडल्या उघडल्या मी विचारलं, "मावशी, तुमची काच तडकली का कधी? बदलली का तुम्ही?"

"मी कशाला बदलू? हाय तशीच हाय." तिने मला आत ओढलंच. येशूच्या तसबिरीशेजारी ती पट्टी होती, हिरवट झाकेची, इंजिनियरच्या हातची, अखंड. "रोज सकाळी पुसते. चर्चमधल्या अल्तारासारखी. तुला काय झालं, भूत बघितलं काय?"

मला हायसं वाटायला हवं होतं. एक काच दोनदा तडकलेली आणि दुसरी शाबूत, त्याच भिंतीच्या सरळ वर. आता कुठल्या काचेवर विश्वास ठेवायचा? पायऱ्या उतरताना मी पहिल्यांदा कठडा सोडून भिंतीला हात लावून उतरले, आणि मग भिंतीवरचाही हात काढून घेतला.

बाबा संध्याकाळी आले. मी सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसले, चप्पलही न काढता. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा: "कुणाकुणाला माहीत आहे?"

हा प्रश्न पत्रकातल्या शेटजींचा असतो. कारखान्यात बॉयलरजवळ कुणाचा हात भाजला की मालकाचा माणूस हेच विचारायचा, असं बाबांनीच मला सांगितलं होतं.

"बाबा, काच दोनदा तडकली."

"तडकली. का तडकली, हे कुणाला माहीत आहे? गणपतीच्या आधी वर दुसऱ्या मजल्यावर टाइल्स बसवत होते. आठवतंय? हातोडे चालले होते आठवडाभर."

"आणि दिवाळीत?"

"दिवाळीत खाली पोरं सुतळी बॉम्ब लावत होती. तूच खिडकीतून ओरडली होतीस त्यांच्यावर."

खरं होतं. ओरडले होते. प्रत्येक तडकण्यामागे एक कारण ठेवता येत होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. यातलं भयंकर हे होतं की आमच्या जागी बिल्डर असता आणि त्याने हेच तर्क मांडले असते तर मी त्याच्यावर दोन पानी पत्रक लिहिलं असतं.

"मला तुरुंगात टाकतील," बाबा हळूच म्हणाले. "प्रतिज्ञापत्रावर माझी सही आहे."

आई दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. तिला आत्तापर्यंत आपण काय केलं हे कळलं नव्हतं, ते कळलं. पण तिने पट्टीकडे बघितलं नाही. तिने बाबांकडे बघितलं.

पुढचे दिवस कसे गेले, ते मी नीट सांगू शकणार नाही. भीती माणसाला अशिक्षित करते. मला दर आवाजाचा अर्थ लावायची खोड लागली. बाथरूमचं दार पूर्वीपासून अडकायचं, आता ते जास्त अडकतंय का? भिंतीच्या आत वाळू सरकल्यासारखं होतंय, ती वाळू आहे की झुरळ? वर कुणी पाटा सरकवला की माझा घास तोंडात थांबायचा. आईला मी सारखी जागेवरून उठवत होते. तिने शेवटी चिडून विचारलं, "मी नेमकी बसू कुठे? खुणा करून दे खडूने!" मी खरंच मनातल्या मनात फरशीवर खुणा केल्या होत्या. त्यात उभं राहायला जागा फार थोडी उरत होती.

आणि दुसरी भीती वेगळीच होती. मी बोलले तर सगळे रस्त्यावर येतील. बाबांचं काय होईल माहीत नाही. बिल्डर हसेल. माझंच पत्रक कोर्टात तो माझ्याविरुद्ध वाचून दाखवेल. आणि एवढं होऊन इमारत पुढची वीस वर्षं धडधाकट उभी राहिली तर? या दोन भीतींच्या मध्ये मी अशी अडकले होते की एका अंगावर झोपले की दुसरी टोचायची.

वकिलांना मी फोन केला. नाव न घेता, "समजा असं झालं असेल तर" असं करत विचारलं. ते म्हणाले, "काच हा मुळात पुरावाच नाही. पुरावा म्हणजे तज्ज्ञाचा अहवाल. काच गेली काय, राहिली काय."

"मग ती सांगायला हरकत नाही?"

"तसं नाही. तुम्ही शपथेवर लिहून दिलंय की ती अभंग आहे. ते वाक्य मात्र पुरावा आहे."

"म्हणजे काचेला किंमत नाही, काचेबद्दलच्या वाक्याला आहे?"

"आता बरोबर समजलात," ते म्हणाले, आणि त्यात त्यांना काही विचित्र वाटलं नाही. मला त्या क्षणी वाटलं की आम्ही सगळे मिळून एका वाक्याच्या आत राहतोय आणि बीम त्याच्या बाहेर आहे.

मी बाबांना सांगितलं की मी रविवारच्या सभेत बोलणार. ते म्हणाले, "बोलू नकोस असं मी म्हणणार नाही." बोल, असंही ते म्हणाले नाहीत.

सभा खाली पार्किंगमध्ये होती, सकाळची. प्लास्टिकच्या खुर्च्या, बाजूला कुणाच्या तरी स्कूटरवर वाळत घातलेलं फडकं. मी उभी राहिले तेव्हा लोकांना वाटलं मी नवीन पत्रक वाचणार. एकाने टाळ्याही वाजवल्या. मी चार वाक्यांत सांगून टाकलं. आमची काच इंजिनियरची नाही. ती दोनदा तडकली. आईने अजाणता बदलली. मला भीती वाटतेय, आपण बाहेर पडलं पाहिजे.

मग तळमजल्यावरचे, कापडाचं दुकान असलेले गुजराती काका, जे सोसायटीचे सेक्रेटरी होते, डोक्याला हात लावून म्हणाले, "दीकरी, ये क्या किया तूने! तारीख सर पे है. अब कोर्ट में क्या मुँह दिखाएंगे?"

मागून कुणीतरी: "पत्रक तूच लिहिलंस ना? काच अभंग?"

"हो, मीच लिहिलं."

"मग तेव्हा खोटं की आता खोटं?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"आता कोणी माहीत करून दिलं? बिल्डरने? खोली दिली वाटतं नवीन टॉवरमध्ये!" हशा झाला. तो हशा घाबरलेल्या लोकांचा होता, हे मला आता कळतं. तेव्हा तो सरळ कानाखाली बसला.

सेक्रेटरी काकांनी मार्ग काढायचा प्रयत्न केला. आईकडे वळून मऊ आवाजात म्हणाले, "भाभी, आप को ठीक से याद नहीं होगा. उमर का तकाजा है. दुसरी कुठली काच असेल, तसबिरीची वगैरे. हो ना?"

सगळे आईकडे बघू लागले. तिने नुसतं "हो" म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. प्रतिज्ञापत्र खरं, बाबा सुटलेले, मी वेडी. तिने साडीचा काठ मुठीत धरला होता.

बाबा उठले. त्यांच्या कपाळावर घाम होता, जानेवारीतल्या सकाळी. "तिला आठवतंय," ते म्हणाले. "तिला सगळं नीट आठवतं. माझ्यापेक्षा जास्त. प्रतिज्ञापत्रात चुकीचं आहे ते मी दुरुस्त करून देतो. पुढे माझं जे व्हायचं ते होईल."

"आणि आमचं?" मागचा आवाज.

बाबा खाली बसले आणि आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, सगळ्यांसमोर, जे ती कधी करत नसे.

कोर्टात बाबांना तुरुंग झाला नाही. नवं प्रतिज्ञापत्र दिल्यावर एक प्रश्न विचारला गेला, हे आधी का सांगितलं नाही. आणि दोन्ही इंजिनियरांनी पुन्हा एकत्र पाहणी करावी असं ठरलं. पाहणी होऊन अहवाल येईपर्यंत आत राहायचं की नाही, हे ज्याचं त्याने बघावं. बाबांना वाटलं होतं त्यापेक्षा हे बरं होतं. मला वाटलं होतं त्यापेक्षा वाईट. मला कुणीतरी हुकूम द्यायला हवा होता. हुकूम नव्हता, प्रत्येकाचा आपापला अर्थ होता.

आम्ही निघालो. राई गावात, खाडीच्या बाजूला, एका आगरी घराच्या मागच्या दोन खोल्या मिळाल्या. आमच्याबरोबर काही घरं निघाली. निम्मी राहिली. राहिलेल्यांचं म्हणणं, गेलेल्यांनी केस कमकुवत केली. गेलेल्यांचं म्हणणं, राहिलेल्यांनी पोरांचा जीव टांगणीला लावलाय. इमारत उभी होती. सेक्रेटरी काका मला बाजारात भेटले की लांबूनच हात उंचावून म्हणायचे, "खडी है, बेटा! अभी भी खडी है!" त्यांच्यासाठी आपलं म्हणणं रोज सकाळी खरं ठरत होतं. माझ्यासाठी प्रत्येक सकाळ ही फक्त अजून न घडलेली गोष्ट होती. आम्ही दोघं एकाच उभ्या इमारतीकडे बोट दाखवत होतो.

मावशी राहिली होती. मी फोन करायचे, ती म्हणायची, "माझी काच हाय तशी हाय. तुझ्या आयशीची फुटली त्याला मी काय करू?" मी म्हणायचे, राईला या, आमच्याकडे. ती म्हणायची, राईला डास हायत. शेवटी एका रविवारी ती चर्चमधून परत यायच्या वेळी मी जुन्या इमारतीखाली जाऊन उभी राहिले. ती माझ्या आधी पोचली होती. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून तिने हाक मारली.

"वर ये. चहा टाकलाय."

"तुम्ही खाली या, मावशी."

"तू लोकांना सांगतेस बाहेर या आणि स्वतः चहाला वर यायला घाबरतेस? ये. काच बघ. बघून बोल. मग मी येते तुझ्याबरोबर, आजच्या दिवस राईला."

"नक्की?"

"देवाशप्पथ."

मी जिन्यापाशी आले. पायरीवर पाय ठेवला. ज्या जिन्यावरून मी जन्मभर उड्या मारत उतरले, त्यावर आता मी पाऊल न वाजवता चढत होते, जणू माझ्याच वजनाने इमारतीचा निवाडा होणार होता. पहिल्या मजल्यावर आमच्या दाराला कुलूप. दुसऱ्यावर आतून टीव्हीचा आवाज, कुणीतरी कांदा परतत होतं. त्या फोडणीच्या वासाने मी रडायच्या बेतात आले. माणसं जेवण करत होती.

मावशीने मला थेट भिंतीपाशी नेलं. "बघ."

काच अखंड होती. बारीक चरासुद्धा नाही. मी खाली वाकून, कडेने, उजेडाकडे धरल्यासारखी बघितली. काहीच नाही. मावशी हाताची घडी घालून उभी होती, तिच्या चेहऱ्यावर विजय होता आणि त्याच्या मागे, मला वाटतं, सुटका. "काय? बोल आता."

मी हात लावला, फक्त खात्री करायला. आणि काचेचं एक टोक माझ्या बोटाबरोबर भिंतीपासून सुटं झालं. तिकडचा प्लास्टरचा गोळा काचेला चिकटलेला होता, पण भिंतीला चिकटलेला नव्हता. काच एकाच टोकावर लटकत होती. कधीपासून, कोण जाणे. भिंत तिच्यामागे कितीही सरकली असती तरी ती तडकली नसती. तिच्यावर ताणच नव्हता.

मी हे मावशीला सांगितलं.

"माझ्या पुसण्याने सुटली असंल," ती म्हणाली. "रोज पुसते ना. जोरात पुसते."

"असेल."

"तसंच असंल."

"असेल, मावशी. मला माहीत न्हाय." तिची भाषा माझ्या तोंडात कशी आली, कळलं नाही. पण ते खरं होतं. मला माहीत नव्हतं. पुसण्याने सुटली असेल किंवा भिंतीने सोडली असेल. त्या खोलीत उभ्या असलेल्या आम्हा दोघींना ते कळायला कुठलाच मार्ग नव्हता. आणि कळेपर्यंत थांबायचं, तर थांबायची जागा हीच होती.

गॅसवर चहाला उकळी आली होती. मावशीने त्याच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे. तिने बटण फिरवून गॅस बंद केला आणि खालचा सिलिंडरही बंद केला.

"मी शब्द दिला होता," ती म्हणाली, जणू मी तिला जबरदस्ती करत होते. कपाटातून जपमाळ आणि औषधांची पिशवी घेतली. मुलीचा फोटो घेतला, परत ठेवला, परत घेतला.

दार ओढताना ते चौकटीत अडकलं. आम्ही दोघींनी मिळून ओढलं, तेव्हा लागलं. पहिल्या वळणावर मावशी थांबली. "अगं, पाण्याचा नळ—"

"राहू दे."

"टाकी भरून वाहील, खालच्यांच्या घरात—"

"राहू दे, मावशी."

ती मागे वळलीच होती. मी तिचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. खालच्या मजल्यावर कांदा लाल झाल्याचा वास येत होता. मावशीला तशीच धरून मी तिथवर उतरले आणि त्या दारावर थापा मारायला लागले.